वाटूरच्या रानात मिलिंदचं मिग

"रविवारी वाटूरला जाऊ," असं मिलिंदनं, माझ्या नवऱ्यानं, म्हटल्यावर मी साडी काढून ठेवली. मला वाटलं, कुणाचं तरी लग्न असेल. तर म्हणे, विमानांच्या प्रदर्शनाला! वाटूरला! तिथं आजवर मी फक्त मंठ्याला जाणारी एसटी बघितलेली.

आमचा मिलिंद ऑफिसात फायली हलवतो आणि घरी फोम कापून रिमोटवर उडणारी छोटी लढाऊ विमानं बनवतो. साधी विमानं त्यानं पुष्कळ उडवली, पण लाडकं मिग-२१ तयार होऊन दोन वर्षं झाली तरी जमिनीवरच. कधी वारा जास्त, कधी बॅटरी कमी. खरं कारण मला ठाऊक होतं. एवढं जीव लावून केलेलं पहिल्याच उड्डाणात मातीत गेलं, तर?

रविवारी सकाळी सहाला जालना सोडलं. मिग मागच्या सीटवर, पट्टा लावून. मला एवढ्या वर्षांत त्यानं एकदाही पट्टा लावून दिलेला नाही! तासाभराचा रस्ता. तुम्ही जाणार असाल तर लवकर निघा, कारण ऊन चढलं की वारा सुटतो. टोपी आणि पाणी घ्या, रानात सावली नाही. फाट्यावर पोहे-भजी खाल्ली. दोघांचं शंभरात भागलं.

हे प्रदर्शन म्हणजे सोयाबीन निघालेलं एक रान, रोलर फिरवून केलेली धावपट्टी आणि आमच्यासारखी दहा-बारा येडी माणसं. एकाचं सुखोई, एकाचं तेजस. शेताचे मालक रावसाहेबकाका प्रत्येक विमानाभोवती फेरी मारत होते.

"ताई, हे इमान कव्हा उडणार?"

"काका, हे नुसतं पळवायचंय आज. उडवायचं न्हाई," मिलिंदच घाईनं बोलला.

"मंग आणलं कशाला? नव्या गाडीची पूजा तरी केली का?"

न्हाई म्हटल्यावर काकांना राहवेना. हळदकुंकू आलं, नारळ फुटला. चाकाखाली ठेवलेलं लिंबू मात्र मिलिंदनं हळूच उचलून बाजूला ठेवलं. काकांनी ते बघितलं. त्यांना वाटलं, साहेब इसरले. आम्ही सगळे मिगकडे बघत असताना त्यांनी तेच लिंबू धावपट्टीच्या बराबर मधोमध नेऊन ठेवलं.

मिलिंदनं माझ्या हातात फोन दिला. "शूटिंग कर. नुसतं पळवतो."

मिग सुसाट निघालं, लिंबावर आदळलं, पुढचं चाक तुटून उडालं आणि नाक वर झालं. मिलिंद ओरडला, "अगं बाई!" आणि घाबरून पूर्ण वेग दिला. मिग आभाळात!

"बघा, लिंबू लागलं का न्हाई कामी!" काकांनी टाळी वाजवली.

आता उतरवायला पुढचं चाक नाही. वर गेलेलं खाली तर येणारच. पहिल्या वळणाला तो पुटपुटत होता, तिसऱ्याला चक्क हसला. खरं सांगते, मी दिवसभर चिडवायचं ठरवून आले होते, पण तेव्हा ते विसरूनच गेले. बॅटरी संपत आली तसं त्यानं मिग शेजारच्या कपाशीत पोटावर उतरवलं. एक पंख मोडला. काका पळत गेले आणि आधी कपाशी बघितली, मग विमान.

"दुरुस्त होईल का हो, साहेब?"

"होईल की!" मिलिंद म्हणाला. काकांना तो एका शब्दानंही बोलला नाही, उलट त्यांच्याच घरी आम्ही पिठलं-भाकरी जेवून निघालो. पंख पिशवीत, मिग पुन्हा सीटवर.

घरी पोचल्यावर चहाही न घेता त्यानं फोन मागितला. दोन मिनिटांचा व्हिडिओ. त्यात आभाळ नाही, मिग नाही. नुसता मिलिंद, मान वर करून, तोंड उघडं.

"अगं, विमान कुठंय?"

"मला काय माहीत," मी म्हटलं. "मी कुठं विमान बघत होते?"

त्यानं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.