पेटीचा भाता

सिरसाळ्याहून रोज एसटीनं परळीला कॉम्प्युटर शिकायला जाणारी मी आमच्या घरातली पहिली मुलगी. मोठ्या काकांना ते मुळीच पसंत नव्हतं. श्रावण संपला की क्लास बंद, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं, आणि त्यांच्यापुढं तोंड उघडायची आमच्यात पद्धत नव्हती.

अण्णा, म्हणजे माझे वडील, किराणा दुकान सांभाळून भजनात पेटी वाजवायचे. क्लासातल्या कॉम्प्युटरवर सूर मांडले की तो लगेच वाजवून दाखवी. मी ठरवलं, अण्णांसाठी अशी चाल बांधायची की काका स्वतःच म्हणतील, जाऊ दे पोरीला. उजव्या हाताला चाल दिली, डाव्या हाताला खालचे सूर. कॉम्प्युटरनं कुरकुर न करता सगळं वाजवलं. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

कॅसेटवर भरून आणलेली चाल अण्णांनी पुन्हा पुन्हा ऐकली.

"लई गोड हाय," ते म्हणाले. "पण खालचे सूर वाजवायचे कुणी? माझा डावा हात भात्यावर असतो की."

जन्मापासून मी त्यांना भाता मारताना बघत आलेली. पण कॉम्प्युटरला हवा लागत नाही, आणि त्याच्या नादानं मीही ती विसरले. माझा मलाच राग आला.

"डावा हात गाळून टाका," मी म्हणाले.

"कशापायी? पोरीची अख्खी चाल वाजवणार म्हणून समद्या मंडळाला सांगून बसलो मी."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "भाता मी मारते."

श्रावणी सोमवारी ओसरीवर भजन बसलं. पेटीच्या पलीकडं, अण्णांच्या समोर आई, डोक्यावर पदर घेऊन. दोन्ही हात मोकळे झालेले अण्णा असे काही सुटले की पखवाजवाला त्यांच्याकडं बघतच राहिला. काकांचे टाळही रंगले. पण रंगता रंगताच ते शेजारच्याला मोठ्यानं म्हणाले, "चाल बरी केली पोरीनं. झालं की शिकून. आता क्लास बंद."

आईचा हात थांबला. पेटी जराशी कण्हली आणि गप्प झाली. अण्णांची बोटं पट्ट्यांवर तशीच राहिली.

आईनं काकांकडं पाहिलंसुद्धा नाही. पेटीकडं बघत म्हणाली, "पोरगी उद्या परळीला जाणार का न्हाई, तेवढं कळू द्या. मग हवा देते."

कुणीतरी खोकलं. काकांनी टाळ खाली ठेवले, परत उचलले.

"जाईना का," ते म्हणाले. "भजन आडवू नका."

आईनं भाता मारायला घेतला. क्लासातल्या कॉम्प्युटरवर हीच चाल कितीदा तरी वाजली होती, पण ऐन वेळी अशी थांबायची अक्कल त्याला कुठून असणार.