एकवीस दिवसांचा नियम

आमचे हे माणसांच्या बाबतीत लोण्याहून मऊ आणि शेळ्यांच्या बाबतीत महाकडक. मला दोन्हींचा त्रास. शेडमध्ये ऐंशी शेळ्या, प्रत्येकीच्या कानात नंबराचा बिल्ला, चारा तोलून. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, बाहेरून आणलेली शेळी कितीही धडधाकट दिसो, एकवीस दिवस मागच्या खोलीत एकटी ठेवायची. तिचं भांडं वेगळं, झाडू वेगळा. एकदा नव्या शेळीला पाणी पाजून मी तशीच शेडमध्ये शिरले, तर आठवडाभर टोमणे ऐकले. "तू शेळ्या पाळतेस की रोग?"

असा हा माणूस. आणि त्याची धाकटी बहीण चिमी आमच्या दारात आली ती दोन शेळ्या घेऊन.

तिचा नवरा गेला होता. वर्ष व्हायच्या आत सासरच्यांनी वाटणी उरकून तिला मोकळं केलं. वाट्याला आल्या त्या या दोघी. टेम्पोतून उतरली आणि म्हणाली, "दादा, आता तुझ्याशिवाय मला कुणी नाही रे."

हे लहान मुलासारखे रडले. मी सवयीने दोघींचा दोर धरून मागच्या खोलीची कडी काढायला गेले. चिमीने पाहिलं. "वहिनी, माझ्याही वेगळ्याच बांधणार का?" बोलली हसून, पण चेहरा पडला.

ह्यांनी माझ्या हातातून दोर ओढून घेतला. "ती काय परकी आहे? सोड सगळ्यांत."

मला नियम तोंडपाठ होता. पण तोंड उघडलं असतं तर जन्मभर मीच वाईट ठरले असते, म्हणून गप्प बसले. एरवी माझ्या जिभेला हाड नाही. नेमकी तेव्हाच कुठे गेली होती ती?

लस पुढच्या आठवड्यात द्यायची होती. त्याआधीच शेळ्यांची नाकं वाहू लागली, तोंडात फोड आले, मग हगवण. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "नवीन जनावर आणलंय का?"

"नाही," हे म्हणाले. उभ्या आयुष्यात डॉक्टरांशी खोटं बोलले ते एवढंच.

"मी आणल्या," चिमी मागून म्हणाली.

तिने जिवाचं रान केलं. करडांची तोंडं मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजलं. तरी बावन्न गेल्या, तिच्या दोघीही. हे खड्ड्यात चुना टाकत होते, तेव्हा ती पिशवी घेऊन काठाशी आली. "दादा, येते मी." ह्यांनी मान वर केली नाही. राग नव्हता हो. वर पाहिलं असतं तर तिथेच कोसळले असते, एवढंच. पण हे तिला कुणी सांगायचं? मी सांगितलं नाही. मला वाटलं, चार दिवसांत येईल.

ती शहरात एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लागली. फोन केला की म्हणायची, "बरी आहे." ह्यांच्या हाती फोन दिला की दोन्हीकडे नुसता श्वास ऐकू यायचा.

दीड वर्षाने, सकाळी ह्यांचं नव्या करडांना दूध पाजणं चाललं असताना, ती फाटकाशी दिसली. फाटकात आता पाय बुडवायला औषधाच्या पाण्याचा ट्रे असतो. तिने चपला काढून त्यात पाय बुडवले, हातही धुतले, आणि तिथेच उभी राहून विचारलं, "दादा, आत येऊ का?"

स्वतःच्या भावाच्या घरात यायला तिने परवानगी मागितली! ह्यांनी बाटली करडाच्या तोंडातून काढली. ओठ हलले, पण शब्द निघेना. ती थोडा वेळ थांबली. मग मान हलवली, ओल्या पायांत चपला घातल्या आणि वळली.

"चिमे, थांब गं!" मी धावले. रस्त्यापर्यंत पोचेस्तोवर ती रिक्षात बसून निघाली होती.

परत आले तर हे तसेच बसलेले. "मी ये म्हणणारच होतो गं," म्हणाले. "ती एवढ्यात का गेली?"