बाहेरचा दम

आई-वडील आशागडला चिकूच्या वाडीत मजुरी करायचे. मला शिकवायचं म्हणून थोरल्या बहिणीची शाळा बंद झाली. आमच्या घरातून डहाणूच्या कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कॉलेजचा कबड्डीचा संघ मला घरचाच वाटायचा.

रेल्वेत कामाला असलेल्या एका काकांनाही तो तसाच वाटायचा. त्यांचं नाव कुणी विचारलं नाही. ते चौथीपर्यंतच शिकलेले, पण तोंडात कायम "आपलं कॉलेज".

पोरं चिडवायची, "काका, कितव्या वर्षाला?"

"दरवर्षी नापास होतोय रे! फी तेवढी माफ हाय."

आमचा गडी चढाईला गेला की काका रेषेबाहेरून त्याच्याबरोबर दम धरायचे. एका श्वासात कबड्डी-कबड्डी, मानेच्या शिरा फुगेपर्यंत.

तलासरीविरुद्धच्या अंतिम सामन्यात गुण बरोबरीत होते आणि शेवटची चढाई आमची होती. काका असे ओरडले, की पंचांना आमच्या गड्याचा आवाजच ऐकू येईना. दम गेला म्हणून त्यांनी गडी बाद दिला. एका गुणाने आम्ही हरलो. तलासरीची पोरं काकांना उचलायला धावली, "हा आमचा आठवा गडी!"

आमच्यातलं कुणी त्यांच्याजवळ गेलं नाही.

पुढच्या वर्षी काका आले, ते पार मागे भिंतीपाशी उभे राहिले. मी म्हटलं, "काका, धरा ना दम."

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि चढाई सुरू होताच तोंडात रुमाल कोंबला.

त्या वर्षी आम्ही तलासरीला हरवलं. कप डहाणूला आला.