वांग्याचं पथ्य

सिन्नरच्या स्टँडसमोर माझं मेडिकल आहे. एक गिऱ्हाईक दर महिन्याला टीबीच्या गोळ्या न्यायला यायचं. कानावर विडी, तोंडाला दारूचा भपकारा, आणि वर तो मलाच ऐटीत विचारायचा, "वांगं चालंल का? पथ्य कडक हाय आपलं."

"वांगं खुशाल खा हो. दारू सोडा, विडी सोडा. या गोळ्यांवर दारू प्यालात तर लिव्हर जाईल."

"मागं कावीळ झाल्ती, तवाबी वांगं बंद केलं न् बरा झालो."

"कावीळ? डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्यांनी कुठं इचारलं?"

मूर्खपणातली इतकी शिस्त मी दुसरीकडे पाहिली नाही.

परवा त्याची बायको उरलेल्या गोळ्या परत करायला आली. कपाळावर कुंकू नव्हतं. म्हणाली, "दादा, वांगं तर मी घरात येऊबी दिलं नव्हतं."