बांधणाऱ्याचा दाखला

साहेबांच्या कारकुनाने माझा अंगठा धरला. विचारलं नाही, सांगितलं नाही. मनगट पकडलं, अंगठा शाईच्या गादीवर दाबला आणि कागदाकडे ओढला.

बंगल्याचा व्हरांडा होता. साहेबांचे मुंबईचे पाहुणे वेताच्या खुर्च्यांत बसून चहा पीत होते. मी खालच्या पायरीवर उभा. चपला फाटकाबाहेर. एक बाई म्हणाल्या, "बोटं बघा याची. लाकडासारखीच झालीत." सगळे हसले. मीही हसलो. त्यांच्या हसण्याचं एवढं नाही, पण माझ्या त्या हसण्याची मला आजही चीड येते.

मग माझी नजर कागदावर गेली. वळणदार मराठी अक्षर. 'बोट बांधणारा' या शब्दांपुढे साहेबांच्या भाच्याचं नाव. अगदी तळाला लिहिलेलं, 'साक्षीदार मजूर, निशाणी अंगठा.' तिथे माझा अंगठा हवा होता.

मी हात हिसडला. कागदावर शाईचा फराटा उठला.

"मना वाचता येतं," मी म्हणालो.

स्वातंत्र्य आल्यावर आमच्या कोळीवाड्यात मोठ्या माणसांचे लिहा-वाचायचे वर्ग निघाले होते. बायकोने, चांगुणाने, मला हाताला धरून तिथे बसवलं होतं. दोन पावसाळे मी पाटी गिरवली. साहेबांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी मला कधी काही विचारलंच नव्हतं.

आम्ही कोळी, पण आमच्या घरात तीन पिढ्या होड्या बांधायचं काम. आगरदांड्याच्या खाडीत तेव्हा डोलणाऱ्या निम्म्या होड्यांना माझ्या नाहीतर माझ्या बापाच्या हाताचा वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, लागलेला. साहेबांनी खाडीकाठी नारळाची बाग घेतली, बंगला बांधला. त्या बागेतच, कडेला, माझा होड्या बांधायचा मांडव होता, बापाच्या वेळेपासूनचा. एक दिवस साहेबांनी मला बोलावलं. फिरायला, मौजेला इंजिनाची बोट हवी म्हणाले. मी बांधली. आठ महिने लागले. तिचा कणा, ज्याला आम्ही पठाण म्हणतो, तो मी स्वतः जंगलात जाऊन निवडला. नकाशा नाही, आकडे नाहीत. वीत, हात आणि डोळा. बापाने मला तेच शिकवलं होतं.

बोट पुरी झाली तेव्हा भाचा टेप घेऊन आला. परदेशात इंजिनियरिंग शिकलेला पोरगा, बोलायला गोड. म्हणाला, "जरा दुसरं टोक धरा ना." वाटलं, कापडाचं छप्पर शिवायचं असेल. दिवसभर मी टेपचं टोक धरून या बाजूने त्या बाजूला फिरलो. कुठली फळी कुठे वळते, ते बोट लावून दाखवलं. तो लिहीत गेला. झालेल्या बोटीवरून त्याने नकाशा काढला, आणि तो नकाशा म्हणे बोटीच्या आधीचा. ही चूक माझीच. आमच्यात कोण असं करणार? होडी कुणी बांधली हे आमच्यात सगळ्या गावाला ठाऊक असतं. चोरण्यासारखं त्यात काही असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पाण्यात सोडायच्या दिवशीही तेच. आमची रीत अशी की, बांधणारा पहिला होडीवर चढतो, नाळेवर, म्हणजे तिच्या पुढच्या टोकावर, नारळ फोडतो, मग मालक चढतो. मी नारळ घेऊन चढलो. साहेब ओरडले, "अरे, पाय! पॉलिश केलंय तिथे!" मी उतरलो. नारळ भाच्याने फोडला. चांगुणा हळदकुंकवाचं ताट घेऊन किनाऱ्यावर उभी होती. घरी येऊन ताट तिने जोरात आदळलं.

आठवड्याने बंदर कचेरीचा माणूस आला आणि त्याने बोट थांबवून वाळूवर ओढायला लावली. नंबर नाही, कागद नाही, चालवायची नाही. आधी कुणी बांधली त्याचा दाखला. मग मालकीचा कागद. मग सरकारी मोजणी, बोटीच्या आडव्या मुख्य तुळईत कोरलेला नंबर, दोन्ही अंगांवर नाव. म्हणून तो व्हरांडा आणि ती शाई.

"वाचता येतं ना? मग बरंच झालं," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही. "तुला पूर्ण मजुरी मिळाली. आता नावाचं काय करणार आहेस?"

"होरी मी बांधली साहेब. तसं लिवा. लगेच सही करतो."

"माझ्या बोटीची मालकी तुझ्या नावापासून सुरू होणार? कागदावर पहिलं नाव कोळ्याचं आणि खाली माझं?" ते पाहुण्यांकडे बघून हसले. मग माझ्याकडे वळले. "तुझ्या सात पिढ्यांत कुणाचं नाव सरकारी कागदावर चढलंय का? आणि तुझा मांडव माझ्या बागेत आहे, विसरू नकोस."

खरी गोष्ट ती होती. दाखला म्हणजे नुसती सही नव्हती. बोट आधी बांधणाऱ्याची, त्याने दिली म्हणून मालकाची, असं तो कायदा म्हणत होता. माझ्या हातून घेतली, एवढंच साहेबांना कबूल करायचं नव्हतं.

पायरी उतरलो तो घाबरूनच. खोटं कशाला बोलू? मांडव गेला तर हत्यारं कुठे ठेवणार, लाकूड कुठे वाळवणार, पोरांना काय घालणार, हेच डोक्यात. घरी आलो आणि म्हणालो, जाऊन अंगठा देऊन येतो.

चांगुणा मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "उंद्या तुजी पोरा इचारतील, ही होरी कोनी बांधली. त्यांना त्या भाच्याचा नाव सांगशील?"

मी गेलो नाही.

मोजणीला बंदर अधिकारी आले. रुक्ष माणूस, खाकी टोपी. साहेब, भाचा, कारकून, सगळे किनाऱ्यावर. मी लांब उभा होतो. अधिकाऱ्यांनी विचारलं, "बांधणारा कोण?" भाचा पुढे झाला. आपला दाखला दिला, नकाशा उलगडला. मी त्या सगळ्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.

"बांधली मी."

"हा मजूर होता," कारकून म्हणाला.

अधिकाऱ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "तोंडी चालत नाही. लेखी आहे?"

"कागद द्या, लिवतो."

बोटीच्याच अंगावर कागद ठेवून मी लिहिलं. पाठीमागे कोणी तरी हसत होतं. ऱ्हस्व-दीर्घ चुकत होतं. 'ही बोट मी बांधली. पठाणापासून. नकाशा बोट झाल्यावर काढला, टेप मी धरली.' खाली पूर्ण नाव. बापाचं नाव. गाव. लिहायला इतका वेळ लागला की भरतीचं पाणी पायाला लागलं.

अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद दप्तरात घातले. "दोन बांधणारे असतील तर नंबर देता येत नाही. निकाल लागेपर्यंत बोट हलवायची नाही," म्हणाले आणि गेले. माझी बाजू त्यांनी घेतली असं मी म्हणणार नाही. कागद घेतला, एवढंच.

साहेब माझ्याजवळ आले. "आजच्या आज मांडव काढ."

काढला. मी, चांगुणा आणि कोळीवाड्यातली चार माणसं. बापाने पुरलेले खांब उपटताना मी रडलो, सगळ्यांदेखत. बंगल्याच्या व्हरांड्यातून कोणी तरी बघत होतं. बघू दे म्हटलं.

ती बोट चार महिने वाळूवर पडून होती. मग एके सकाळी साहेबांनी ती लॉरीवर घालून नेली. दुसऱ्या बंदरात तिला नंबर मिळाला का, आणि कुणाच्या नावाने, मला कळलं नाही. कचेरीत तीनदा जाऊन विचारलं. तीनदा उद्या या म्हणाले. त्या कागदावर माझं नाव आहे की नाही, हे न कळताच मी म्हातारा होणार बहुतेक.

मांडव गेल्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. दुसऱ्यांच्या होड्यांची डागडुजी करत फिरलो. मग कोळीवाड्याने स्मशानापलीकडची खडकाळ जागा मला दिली. तिथे मांडव घातला. श्रीवर्धनहून सुपारीचा एक व्यापारी आला. त्यालाही इंजिनाची होडी हवी होती, घरच्यांना फिरवायला. लाकूड आलं, मुहूर्त ठरला. मी कागद पुढे केला. बांधणाऱ्याच्या दाखल्याचा, माझ्या अक्षरातला. खाली त्याने सही करायची.

तो हसला. "अहो, ते नंतर बघू. आधी पठाण तर घाला."

मी वाकस खाली ठेवला. घरात पीठ नव्हतं, आणि ते त्यालाही दिसत होतं.

"न्हाय. आधी कागद."

तो गेला. लाकूडही घेऊन गेला. मी मांडवातच बसून राहिलो, पण मागे धावलो नाही.

त्यानंतर जे आले त्यांनी आधी सही केली, किंवा होडी दुसरीकडे बांधली. जी मी बांधतो तिच्या मुख्य तुळईत, जिथे सरकार नंबर कोरतं, तिथे नंबराच्या आधी मी माझं नाव कोरतो. खोल. ते खरवडायचं तर तुळई तोडावी लागेल, आणि तुळई तोडली तर होडी उरत नाही. हा अंगठा आता वाकस धरायला आहे. शाईला तो परत लागणार नाही.