विहाराच्या भिंतीतली भेग

“ही भिंत कुणी बांधली?” साहेबांनी विचारलं आणि सगळी वस्ती माझ्या बाबाकडे पाहू लागली.

बाबा उठला. उठतानाच त्याने हात जोडले. “म्या बांधली, साहेब.”

“म्हणूनच.” साहेबांनी बुटाच्या टोकाने भिंतीचा पाया टोचला. “खाणीचा काही दोष नाही. खाली काळी माती, वर हे अडाणी काम. भेगा पडणार नाहीत तर काय?”

ती आमच्या बुद्धविहाराची भिंत होती. बाबा वस्तीतला मिस्त्री, घरंही बहुतेक त्याच्याच हातची. विहार त्याने बांधला, तेव्हा मी लहान होते, घमेल्याने रेती वाहत होते. काळी माती तेव्हाही काळीच होती. भिंतीला भेग नव्हती. मग कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्याची खाण सरकत सरकत आमच्या शिवाराला येऊन भिडली. दुपारी सुरुंग उडू लागले, मांडणीवरची भांडी खाली येऊ लागली आणि घराघरात भिंती उकलल्या. तक्रार केली म्हणून हे तज्ज्ञ साहेब आले, कारखान्याच्याच गाडीतून. हादरे मोजायची मशीन त्यांनी दिवसभर विहाराच्या अंगणात ठेवली. त्या दिवशी एकही सुरुंग उडाला नाही.

मी उभी राहिले. “साहेब, आज ब्लास्टिंग काऊन नाई झाली?”

साहेबांनी चष्मा काढला. “तुझं शिक्षण किती?”

“बारावी.”

“मग बस खाली.”

लोक हसले. आमचेच लोक. कारखान्याचे हसले असते तर मी विसरूनही गेले असते. शेजारचे काकाजी म्हणाले, “बस न वो बाई. एवढे शिकलेले साहेब खोटं कायले सांगतीन?”

मी बसले.

‘शिका’ हा शब्द आमच्या घराघरात भिंतीवर आहे. उपाशी राहून आमच्या माणसांनी पोरं शिकवली. त्यामुळे शिकलेला माणूस दिसला की आमची मान आपोआप लवते. तो कुणाच्या गाडीतून उतरला, हे आम्ही बघत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा थापी घेऊन निघाला. घरोघरी भेगा बुजवायला, फुकट. “माह्या हातानं बिघडलं, मीच दुरुस्त करतो.” सिमेंट त्याच कारखान्याचं. मी माल कालवत होते. एका बाईने दारातूनच सांगितलं, “मिस्त्रीभाऊ, या खेपेले तरी नीट करजा.”

“हो बाई,” बाबा म्हणाला. ते ‘हो’ मला अजून झोपू देत नाही.

शेवटी विहाराची भिंत उरली. बाबाने भेग भरली, घोटली, वरून चुना मारला. दुपारी आम्ही दोघं तिथेच उभे असताना सुरुंग उडाला. पायाखालची जमीन हलली. ओल्या चुन्यातून तीच भेग वर आली, त्याच जागी.

मला वाटलं, आता तरी बाबा बोलेल. त्याने भिंतीवर तळवा फिरवला आणि हळूच म्हणाला, “माह्या हातातच खोट हाय, पोरी.”

मला रडू फुटलं. डोळ्यांनी पाहिलं, पायांना कळलं, तरी तो साहेबालाच खरं मानत होता. जन्मभर राबलेल्या स्वतःच्या हातांना नाही. त्याने पुन्हा थापी मालात घातली. मी त्याचं मनगट धरलं.

“नाई बाबा. आता बुजवायची नाई.”

“लोक काय म्हनतीन?”

“म्हनू दे.”

बाबाने त्यानंतर थापी धरली नाही. दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जातो. वंदनेला येतो, पण भेगेकडे पाठ करून बसतो. मी त्याला पटवून देऊ शकले नाही. साहेबाचं एक वाक्य माझ्या सगळ्या बोलण्याला भारी पडलं.

पौर्णिमेआधी विहार रंगवायचं ठरलं. तरणी पोरं पुट्टी घेऊन भेगेपाशी आली, तशी मी आडवी आले. “बाकी सारं रंगवा. हे राहू द्या.” काकाजी चिडले, म्हणाले हिचं डोकं फिरलं. फिरलं तर फिरलं. भेग उघडी आहे.

साहेब पुन्हा येतील, मशीन लावतील. मी सांगेन, सुरुंग उडेल तेव्हा लावा. ते माझं शिक्षण विचारतील. लोक हसतील. मी बारावीच सांगेन, आणि खाली बसणार नाही.