पाणी उजव्या हाताला

खूप वर्षांपूर्वीचा एक आवाज अजून कानात आहे. नेऱ्याच्या आमच्या शाळेत कविता बसून म्हणायची नाही, असा गुरुजींचा नियम होता. उभं राहायचं आणि जागच्या जागी पाय आपटत म्हणायची. सारवलेल्या जमिनीवर अख्ख्या वर्गाची अनवाणी पावलं पडायची. धप, धप, धप. कवितांचे अर्थ नंतर कळले, काहींचे अजून कळायचेत. ताल मात्र पायातच राहिला, आणि त्याच्याच भरवशावर मी या वयात नर्मदा परिक्रमेला निघायचं ठरवलं.

परिक्रमा म्हणजे नदी उजव्या हाताला ठेवून, तिला न ओलांडता, पायी घातलेली प्रदक्षिणा. महिनेच्या महिने लागतात. कार्तिकात निघायचं, असं माझं आणि वर्गमित्र सदाशिवचं पक्कं होतं. होळीच्या तोंडावर त्याचा फोन आला, "गुडघ्यांनी राजीनामा दिला रे." त्याच संध्याकाळी आमच्या सूनबाईंनी, अश्विनीने, निकाल दिला. "बाबा, सोबत असेल तर जा. एकटे नाही."

सोबत काही बाजारात मिळत नाही. पण सराव सोडला असता तर जाणंच सुटलं असतं. म्हणून मुळशी धरणाचा काठ धरायचा ठरवला, तोही परिक्रमेचे नियम पाळून. एक दिवस मुळा नदीलाच नर्मदा मानायचं.

पौडहून ताम्हिणीकडे जाणारी सकाळची एसटी धरली. माझी पंचाहत्तरी उलटलीय, मला तिकीट लागत नाही. तुम्हाला लागेल, सुटे पैसे ठेवा. पाणी दिसू लागलं की उतरा आणि खाली चालू लागा. या दिवसांत धरण ओसरलेलं असतं. काठाला भेगाळलेल्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो, तीच आपली वाट. टोपी हवीच, सावली नाही. पळस मात्र असा फुललेला, की पाठीवरच्या कांबळ्याचं आणि पिठाच्या पिशवीचं ओझं थोडा वेळ विसरलो. मधेच एखाद्या फार्महाउसचं तारेचं कुंपण थेट पाण्यात उतरतं. तिथे मुकाट्याने वर चढून वळसा घ्यायचा.

दुपारी पाण्याचा एक लांबलचक फाटा आडवा आला. काठाला होडी, होडीत माझ्याच वयाचे एक गृहस्थ.

"बसा पावनं, पल्याड सोडतो."

"नको. पाणी ओलांडायचं नाही."

"का? बाटताया व्हय?"

मी परिक्रमेचं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "आवो, ही नर्मदा न्हाई, धरान हाय. तिला कळायचं बी न्हाई."

"मला कळेल ना."

"मग जावा फिरून. मी च्या ठिवतो पल्याड. थंड झाला तर मला बोलायचं न्हाई."

समोरचा काठ हाकेच्या अंतरावर होता, आणि मी त्याच्याकडे पाठ करून निघालो. फाट्याच्या टोकाशी गाळात बूट रुतला, तो काढताना मीच बसलो. त्या क्षणी होडीला हाक मारावीशी वाटली. मग उठलो, आणि चौथीतली कविता मोठ्याने म्हणत पाय टाकू लागलो. धप, धप. दोन म्हशींनी रवंथ थांबवून ऐकली.

पलीकडे ते खरंच तीन दगडांच्या चुलीपाशी बसले होते.

"आलासा? मी म्हनलं, बसलं आसतील करवंदीत."

नाव बबनराव. जमीन विकली, आता त्याच जमिनीवरच्या बंगल्याची राखण करतात. तांदळाची भाकरी आणि पिठलं त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. परिक्रमेत झोपायचं कुठं, खायचं काय, पाय सुजले तर, घरून सूनबाई सोडतात का, असं सगळं खोदून विचारलं. मग पाण्याकडे बघत म्हणाले, "जलम ग्येला हितं, पर ह्यो फाटा कदी चालून न्हाई आलो. होडी व्हती ना." निघताना विचारलं, "नेऱ्यात कुटं ऱ्हाता म्हनला?"

"मारुतीच्या देवळामागं."

संध्याकाळच्या एसटीने परतलो. अश्विनीने मिठाचं गरम पाणी आणून पुढ्यात ठेवलं. "चालणं जमतंय," मी म्हणालो. "ते दिसतंय," फोडांकडे बघत ती म्हणाली, "पण सोबत?" मी पाण्यात पाय हलवत राहिलो. त्या दिवसातून काय राहिलं असं विचाराल, तर तो समोरचा, सहज हाताशी आलेला काठ. आणि त्याला दिलेली पाठ. सोबतीचा प्रश्न तसाच राहिला.

आज हे लिहीत बसलो असताना दाराची कडी वाजली. अश्विनीने दार उघडलं. बाहेर बबनराव. पायात कोरे कॅनव्हासचे बूट, त्यांच्यावर घोट्यापर्यंत वाळलेला गाळ.

"ह्या सूनबाई व्हय?" ते म्हणाले. "फाटा फिरून आलो, पोरी. पानी उजव्या हातालाच ठिवलं. कार्तिकातलं कसं ठरलंय तेवडं इचारायचं व्हतं."

अश्विनीने एकदा त्यांच्या बुटांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाली, "आत या काका. चहा टाकते."